पोत्यावर घातलेले टाके



खत, बियाणे आणि फवारणी हे आपल्या या सदराचे नेहमीचे विषय. आज मात्र ते बाजूला ठेवून तुम्हांला दूर देशीची एक हकिगत सांगणार आहे. निमित्त अगदी साधे घडले. उन्हाळ्यात एका गावी बचत गटाच्या बायांची बैठक होती. कुणीतरी तालुक्याच्या बाजारातून सफरचंदे आणली होती. त्यांतल्या एकीने फळावरचा चिकटवलेला कागद नखाने काढला आणि विचारले, "भाऊ, हिमाचलची सफरचंदं तर पावसाळ्यात येतात. ही ऐन उन्हाळ्यात कुठली आली? यावर चिली लिवलंय."

मी तिला सांगितले, की चिली हा दक्षिण अमेरिकेतला एक देश आहे. वेलीच्या शेंगेसारखा लांबोडका, एका अंगाला अँडीज पर्वत आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथले ऋतू आपल्या उलट. आपली थंडी तो त्यांचा उन्हाळा. म्हणून तिथली फळे आपल्याकडे अवेळी येतात. आपले द्राक्ष बागाईतदार तर चिलीला चांगले ओळखतात, कारण परदेशच्या बाजारात त्यांच्या मालाची गाठ चिलीच्या मालाशी पडते.

एवढे सांगून मी थांबलो. घरी परत येताना मात्र वाटले, आपण अर्धेच सांगितले. ती फळे खुडणाऱ्या, पेट्यांत भरणाऱ्या हातांत बायांचे हात पुष्कळ. त्या बायांच्या आधीच्या पिढीने काय सोसले आणि काय केले, ते सांगायचे राहिले. ते आज सांगतो.

कसेल त्याला जमीन, आणि मग लष्कर

पन्नास-साठ वर्षांपूर्वी चिलीतली बरीचशी शेतजमीन मोठमोठ्या जमीनदारांच्या हाती होती. कूळ आणि मजूर त्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबत. १९६७ साली तिथे जमीन सुधारणेचा कायदा झाला. ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे चांगल्या बागायतीच्या ८० हेक्टरांच्या हिशेबापेक्षा, जास्त असलेली जमीन सरकार घेऊ लागले आणि कसणाऱ्यांच्या वसाहती त्यावर बसू लागल्या. त्याच वर्षी शेतमजुरांना संघटना बांधायचा हक्कही मिळाला. १९७० मध्ये साल्व्हादोर आयेंदे निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले आणि या कामाला आणखी वेग आला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती कामी येईल. वसाहतीचा सभासद म्हणून नोंद व्हायची ती कुटुंबप्रमुखाची. कुटुंबप्रमुख म्हणजे बहुतेक ठिकाणी पुरुष. बाई त्याच जमिनीवर राबत होती, पण कागदावर नव्हती.

देशात तेव्हा मतभेद फार होते. महागाई आणि टंचाई होती. डिसेंबर १९७१ मध्ये राजधानी सांतियागोच्या रस्त्यावर बायांनी रिकाम्या पातेल्या वाजवत मोर्चा काढला, तो आयेंदे सरकारच्या विरोधात होता. त्यात सुखवस्तू घरच्या बाया पुष्कळ होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण साऱ्या बाया एका बाजूला होत्या असे कुणी म्हटले तर ते खरे नाही.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता हिसकावली. विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर बॉम्ब टाकले. आयेंदे त्याच दिवशी वाड्यात मरण पावले. जनरल ऑगस्तो पिनोशे देशाचे धनी झाले. संसद बंद, पक्षांवर बंदी, कामगार संघटना मोडलेल्या, रात्रीची संचारबंदी, वर्तमानपत्रांना लगाम. ही राजवट ११ मार्च १९९० पर्यंत, म्हणजे साडेसोळा वर्षे चालली. पुढे सरकारी चौकशी समित्यांनी मोजदाद केली, तेव्हा मारलेले आणि बेपत्ता केलेले मिळून तीन हजारांहून अधिक निघाले. त्यांत हजारावर असे, की ज्यांचे शरीरही घरच्यांना मिळाले नाही. छळ सोसून वाचलेल्यांची संख्या तर कित्येक हजारांत गेली.

चुनाभट्टीतले पंधरा जण

आकडा मोठा असला की माणूस दिसेनासा होतो. म्हणून एकाच गावचे सांगतो.

सांतियागोच्या जवळ इस्ला दे मायपो नावाचे शेतीचे गाव आहे. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी तिथल्या पोलिसांनी पंधरा जणांना पकडून नेले. सेर्हिओ माउरेइरा नावाचा शेतकरी आणि त्याचे चार मुलगे. एर्नान्देस घरचे तीन भाऊ. आस्तुदियो घरचा बाप आणि दोन मुलगे. उरलेले चार तरुण गावच्या चौकात सापडले म्हणून. सगळ्यांत धाकटा सतरा वर्षांचा.

माउरेइराच्या घरून एका रात्रीत पाच पुरुष गेले. मागे राहिली त्याची बायको पुरिसिमा आणि घरातली बाकीची लेकरे. तिने आणि इतर घरच्या बायांनी पोलीस ठाणी पालथी घातली. तुरुंग, दवाखाने, शवागार, कुठे म्हणून जायचे ठेवले नाही. कुणी म्हणे इथे आणलेच नव्हते. कुणी म्हणे सांतियागोच्या स्टेडियममध्ये पाठवले. पुढे १९७५ मध्ये चिलीच्या सरकारने थेट संयुक्त राष्ट्रसंघात सांगितले, की बेपत्ता म्हणून ज्यांची नावे येतात त्यांतल्या कित्येकांचे कायद्याने अस्तित्वच नाही. म्हणजे जो माणूस तुमच्या पंगतीला बसून जेवला, ज्याच्याशी तुमचे लग्न लागले, ज्याला तुम्ही नऊ महिने पोटात वागवले, तो जन्मालाच आला नव्हता असे सरकार म्हणते!

पाच वर्षे गेली. नोव्हेंबर १९७८ च्या अखेरीस एका माणसाने चर्चच्या लोकांच्या कानावर घातले, की लोन्केन इथल्या टेकडीवर जुन्या, बंद पडलेल्या चुनाभट्ट्या आहेत, तिथे पाहा. चर्चने बिशप, वकील आणि पत्रकार अशी माणसे पाठवली. भट्टीच्या तोंडाशी चुना, माती आणि दगड होते. त्यांखाली हाडे, कपडे आणि केस निघाले. पंधरा जण तिथेच होते.

पोलीस म्हणाले, रात्री कुणीतरी गोळीबार केला, त्यात हे मेले. न्यायाधीश आदोल्फो बान्यादोस यांनी तपास केला आणि ही हकिगत पटण्यासारखी नाही असे नोंदवले. पण खटला लष्करी न्यायालयात गेला. एप्रिल १९७८ मध्ये राजवटीने स्वतःच स्वतःच्या माणसांना माफी देणारा हुकूम काढून ठेवला होता. तो लावून आरोपी मोकळे झाले.

सप्टेंबर १९७९ मध्ये अस्थी परत मिळणार म्हणून घरची माणसे सांतियागोच्या एका चर्चमध्ये प्रार्थनेसाठी वाट पाहत बसली. अस्थी आल्याच नाहीत. त्या परस्पर इस्ला दे मायपोच्या दफनभूमीत सामाईक खड्ड्यात टाकून दिल्या होत्या. लोक भट्टीपाशी फुले घेऊन जाऊ लागले, तर १९८० मध्ये भट्ट्याच सुरुंग लावून उडवल्या. बहुतेकांची ओळख पटून विधिवत दफन झाले ते २०१० साली. पकडून नेले १९७३ मध्ये, माती मिळाली २०१० मध्ये. मधली ३७ वर्षे त्या घरच्या बायांनी कशी काढली असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

लोन्केनच्या भट्टीने देशाला एक गोष्ट कळली. बेपत्ता म्हणजे परागंदा नव्हे, पळून गेलेला नव्हे. बेपत्ता म्हणजे मारून लपवलेला. राजवटीलाही धडा मिळाला, पण उलटा. इतर ठिकाणी पुरलेली शरीरे उकरून नाहीशी करा, असा गुप्त हुकूम त्यानंतर सुटला.

बायकाच पुढे का आल्या

तुम्ही विचाराल, हे सगळे चालू असताना पुरुष कुठे होते? पुष्कळसे तुरुंगात होते, परदेशी गेले होते, मारले गेले होते. जे होते त्यांच्यावर नजर होती. चार पुरुष एकत्र जमले की गुप्त पोलीस दारात. चार बाया सुई-दोरा घेऊन बसल्या तर त्यात कुणाला काय दिसणार?

दुसरे असे, की राजवट स्वतः मातृत्वाचे गोडवे गात होती. बाईने घर सांभाळावे, मुले वाढवावीत, राजकारणात पडू नये, हीच तिची देशसेवा, असे सांगितले जाई. पिनोशेंच्या पत्नी लुसिया इरियार्त यांच्या हाताखाली मातांच्या केंद्रांचे मोठे जाळे होते. तिथे शिवण, विणकाम आणि आज्ञाधारकपणा शिकवीत. आता जिचा मुलगा पोलिसांनी नेला त्या आईने हेच बोलणे उचलले. ती म्हणाली, तुम्हीच म्हणता आईचे काम मुलाकडे पाहणे. तर मी माझे कामच करते आहे. सांगा, माझा मुलगा कुठे आहे? या प्रश्नाला राजवटीजवळ उत्तर नव्हते.

ऑक्टोबर १९७३ मध्येच निरनिराळ्या धर्मपंथांनी मिळून पीडितांसाठी एक समिती काढली होती. पिनोशेंनी दडपण आणून १९७५ च्या शेवटी ती बंद पाडली. तेव्हा सांतियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी १ जानेवारी १९७६ पासून चर्चच्याच छत्राखाली एक कचेरी उघडली. तिचे नाव 'व्हिकारिआ दे ला सोलिदारिदाद'. आपल्या भाषेत म्हणायचे तर एकमेकांना आधार देण्याची कचेरी. तिथे वकील होते, डॉक्टर होते, आणि येणाऱ्या प्रत्येकीचे म्हणणे लिहून घेणारी माणसे होती. कुणाला, कुठून, किती वाजता नेले, गाडी कसली होती, पाहिले कुणी. माणूस न्यायालयापुढे हजर करा, असे हजारो अर्ज दाखल झाले. न्यायालयांनी जवळजवळ सगळे फेटाळले. तरी अर्ज थांबले नाहीत.

फेटाळलेल्या अर्जाचा काय उपयोग, असे वाटेल. उपयोग पुढे झाला. राजवट गेल्यावर १९९१ मध्ये सरकारी चौकशी समितीचा अहवाल आला. त्या समितीला पुरावा मिळाला तो याच फायलींतून. जी नोंद त्या दिवशी फुकट गेल्यासारखी दिसली, तीच पंधरा वर्षांनी साक्षीला उभी राहिली.

पोत्यावरची चित्रे

आता ज्या गोष्टीवरून या लेखाला नाव दिले तिच्याकडे येतो.

घरचा कर्ता गेला की दुःख तर असतेच, पण चूलही पेटवावी लागते. १९७४ पासून चर्चच्या आवारात अशा बायांचे शिवणाचे गट बसू लागले. कापड विकत घ्यायला पैसा नव्हता. मग पिठाची, साखरेची रिकामी पोती आली. पोत्याचा तुकडा खाली आणि त्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या. आपल्या घरी आजी वाकळ शिवायला बसे तेव्हा जसा चिंध्यांचा ढीग पुढ्यात असे, तसाच. मात्र या चिंध्यांची त्या चित्रे करीत. पोत्याच्या जाड्याभरड्या कापडाला तिथे आर्पियेरा म्हणतात, म्हणून या चित्रांचेही नाव आर्पियेरा पडले. ही कला अगदी नवी नव्हती. व्हिओलेता पार्रा या चिलीच्या लोकगायिकेने असली भरतकामाची चित्रे केली होती आणि १९६४ मध्ये ती पॅरिसला प्रदर्शनात लागली होती.

या बायांनी चित्रात काय काढले? वर अँडीजचे डोंगर, त्यावर पिवळा सूर्य. खाली घरे, झाडे, इवल्या इवल्या कापडी बाहुल्या. लांबून पाहावे तर मुलांचे खेळणे वाटावे. जवळ जावे तर दिसे, की एका घराच्या दारातून पोलीस माणसाला ओढून नेत आहेत. तुरुंगाच्या भिंतीबाहेर बायांची रांग उभी आहे. नळ तोडलेला आहे, कारखान्याला कुलूप आहे, चुलीवर एक मोठे पातेले आणि भोवती मुले. काही चित्रांत फक्त एकच प्रश्न शिवलेला: ते कुठे आहेत? आणि या बाहुल्यांचे कपडे कित्येकदा हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचे, लुगड्यासारख्या जुन्या झग्याचे. काही जणी चित्राच्या पाठीमागे छोटा खिसा शिवून त्यात चिठ्ठी ठेवीत.

कचेरी ही चित्रे विकत घेई आणि परदेशी पाठवी. बाईच्या हाती चार पैसे येत आणि देशात जे छापता येत नव्हते ते टाक्यांतून जगभर जाई. राजवटीच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी आरडाओरड केली, की ही चित्रे देशाची बदनामी करतात. ज्या बायांना लिहिता येत नव्हते, भाषण करता येत नव्हते, त्यांच्या शिवणकामाने बंदूकवाल्यांची झोप उडवली.

गटात बसल्यावर आणखी एक गोष्ट झाली. आपलेच नशीब फुटके असे समजून जी एकटी रडत होती, तिला शेजारी बसलेलीचीही तीच कथा ऐकू आली. मग तिला कळले की हे नशीब नव्हे. हे कुणीतरी ठरवून केलेले आहे. आणि जे ठरवून केले आहे त्याचा जाब विचारता येतो.

आना गोन्सालेस आणि तिच्या सोबतिणी

आना गोन्सालेस ही सांतियागोतली पन्नाशीची गृहिणी. २९ एप्रिल १९७६ च्या रात्री तिचे दोन मुलगे आणि गरोदर सून नालव्हिया यांना गुप्त पोलिसांनी उचलले. बरोबर असलेला लहानगा नातू त्यांनी घराजवळ सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मानुएल मुलांना शोधायला बाहेर पडला, तोही परतला नाही. दोन दिवसांत घरची चार माणसे गेली. आना आणि तिच्यासारख्यांनी बेपत्तांच्या नातेवाइकांची संघटना उभी केली. छातीवर आपल्या माणसाचे छायाचित्र लावून त्या रस्त्यावर उभ्या राहात. १९७७ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांतियागोतल्या कचेरीत उपोषण केले. एप्रिल १९७९ मध्ये बंद पडलेल्या संसदेच्या लोखंडी कुंपणाला त्यांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. मार खाल्ला, अटका सोसल्या. आना २०१८ मध्ये वारली. चारांपैकी एकाचाही पत्ता तिला लागला नाही.

चिलीत क्वेका नावाचा एक लोकनाच आहे. हातात रुमाल घेऊन बाई आणि पुरुष जोडीने नाचतात. ८ मार्च १९७८ रोजी, महिला दिनी, काउपोलिकान नाट्यगृहात या संघटनेच्या बायांनी हा नाच सादर केला, पण एकटीने. पांढरा रुमाल हवेत, पावले तालावर, समोरची जागा मात्र रिकामी. एक शब्दही न बोलता सगळ्या सभागृहाला कळले, समोर कोण असायला हवा होता. गंमत पाहा, पुढच्याच वर्षी राजवटीने क्वेका हा राष्ट्रीय नाच म्हणून जाहीर केला.

उत्तरेला अताकामाचे वाळवंट आहे. तिथल्या कालामा गावी १९ ऑक्टोबर १९७३ रोजी २६ कैद्यांना गोळ्या घालून वाळवंटात पुरले. त्यांच्या बायका, आया, बहिणी फावडी घेऊन वाळवंटात खणू लागल्या. पावसाचा थेंब न पडणारी ती जमीन, दिवसा भाजणारी, रात्री गोठवणारी. आपल्या शेतात एखादी बुजलेली विहीर शोधायची तरी खुणेचे झाड असते. त्यांना कसलीच खूण नव्हती. १७ वर्षे त्या खणत राहिल्या. १९९० मध्ये जागा सापडली, पण तिथे नुसते हाडांचे तुकडे होते. शरीरे मधल्या काळात यंत्रांनी उकरून हलवली होती. तेवढे तुकडेही त्यांनी वेचून घेतले.

चूल, शेत आणि घर

१९८२ मध्ये चिलीची आर्थिक घडी पार विसकटली. पाचांतल्या एकाहून अधिकाला काम नव्हते. वस्त्यावस्त्यांतून बायांनी सामुदायिक चुली मांडल्या. कुणी बटाटे आणले, कुणी कांदे, कुणी लाकडे. एका मोठ्या भांड्यात सगळ्यांचे अन्न शिजे. ११ मे १९८३ पासून देशभर निषेधाचे दिवस सुरू झाले आणि रात्री घराघरांतून पातेल्या वाजू लागल्या. बारा वर्षांपूर्वी आयेंदेंच्या विरोधात वाजलेलीच पातेली, या वेळी पिनोशेंच्या विरोधात.

खेड्यांत काय झाले तेही शेतीच्या माणसाने सांगितलेच पाहिजे. वसाहती मोडल्या. बरीच जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. डिसेंबर १९७३ च्या हुकुमाने, जमिनी ताब्यात घेण्यात ज्यांनी पुढाकार घेतला होता त्यांना वाटपातून वगळले. ज्या घरचा पुरुष मारला गेला त्या घरची बाई तर कागदावर कधी नव्हतीच. पुढे द्राक्षे आणि सफरचंदांच्या निर्यातीच्या बागा उठल्या, तेव्हा याच घरांतल्या बाया हंगामी मजूर झाल्या. उन्हाळ्याचे तीन-चार महिने काम, उरलेले वर्ष रिकामे. पेटीमागे मजुरी, तासन्‌तास उभे राहणे, फवारलेल्या बागेत हातमोज्यांशिवाय शिरणे. १९७९ च्या कामगार कायद्याने हंगामी मजुरांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्कच ठेवला नाही. तरी त्यांनी पुढे संघटना बांधल्या, आणि विषारी औषधांपासून बचाव ही त्यांची एक मुख्य मागणी राहिली.

याच काळात हुलिएता किर्कवुडसारख्या शिकलेल्या बायांनी एक नवा प्रश्न पुढे मांडला. लष्कर देशात जे करते, तेच थोड्या प्रमाणात घरात चालत नाही का? एकाने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी मान तुकवायची! 'लोकशाही देशात आणि घरातही' ही घोषणा त्यातून झाली. हे काही हवेतले बोलणे नव्हते. चिलीच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे असे तेव्हा लिहिलेलेच होते. ते कलम १९८९ मध्ये गेले. तरी दोघांच्या सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच राहिला. शिवणाच्या गटाला जाणाऱ्या बाईला सरकारची भीती होतीच, पण काही घरांत नवऱ्याचीही होती. रोज कुठे जातेस, चुलीकडे कोण पाहणार, हे तिला ऐकावे लागे.

२९ डिसेंबर १९८३ रोजी त्याच काउपोलिकान नाट्यगृहात सुमारे दहा हजार बाया जमल्या. पुरुषांचे पक्ष एकमेकांशी भांडत होते, तेव्हा निरनिराळ्या पक्षांच्या या बाया एका छपराखाली आल्या. पुढे त्यांनी बेपत्तांच्या माणसाएवढ्या उंचीच्या काळ्या आकृत्या रस्त्यांवर उभ्या केल्या. प्रत्येकीवर एक नाव आणि विचारणा, की मला विसरलात का?

५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशेंना आणखी आठ वर्षे द्यायची का यावर सार्वमत झाले. सुमारे ५६ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. बंदुकीने आलेली राजवट मतपेटीने गेली. २००६ मध्ये मिशेल बाशेलेत देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांचे वडील हवाई दलात जनरल होते. ते लष्करी राजवटीच्या कैदेत १९७४ मध्ये वारले, आणि मायलेकींनाही १९७५ मध्ये गुप्त छळछावणीत डांबले होते.

सगळे गोड झाले असे मात्र म्हणता येणार नाही. पिनोशे २००६ मध्ये शिक्षा न होताच मरण पावले. बेपत्तांना शोधण्याची सरकारी योजना २०२३ साली निघाली, म्हणजे पन्नास वर्षांनी. हजारावर माणसांचा पत्ता अजून लागायचा आहे.

रिकाम्या जागा

सांतियागोच्या दक्षिणेला पाइने नावाचा कलिंगडांसाठी प्रसिद्ध असलेला तालुका आहे. तिथल्या ७० जणांना १९७३ मध्ये मारले किंवा बेपत्ता केले. बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर. तिथे आता स्मारक आहे. जमिनीत सुमारे एक हजार लाकडी खांब रोवायचे ठरले, त्यांतल्या ७० जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. प्रत्येक मोकळ्या जागी त्या त्या घरच्या माणसांनी रंगीत फरशीच्या तुकड्यांचे चित्र केले आहे. पेरणीत तूट पडली की उगवलेल्या ओळीत ती लांबूनही दिसते, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. तशी ती तूट आहे. भरून काढायची नाही, दिसत राहावी म्हणून ठेवलेली.

भगिनींनो, या हकिगतीतून मला काय वाटले ते सांगून थांबतो. त्या बायांजवळ पैसा नव्हता, ओळखपाळख नव्हती, पुष्कळींना शिक्षणही नव्हते. त्यांनी दोनच गोष्टी सोडल्या नाहीत. एक, नाव लिहून ठेवणे. कागदावर, फायलीत, छातीवरच्या छायाचित्राखाली, पोत्याच्या तुकड्यावर. दुसरी, एकमेकींची संगत.

माझ्या कामात मी रोज कागद पाहतो. अर्जावर नाव पुरुषाचे, सही पुरुषाची, आणि शेतात वाकलेली पाठ बाईची. घरचा माणूस अचानक गेला की तीच बाई वारसाच्या नोंदीसाठी खेटे घालते, आणि कोणता कागद कुठल्या ट्रंकेत आहे तेही तिला ठाऊक नसते. आपल्याकडे लष्कराची राजवट नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण 'लोकशाही घरातही' हे बोलणे आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबते. बंधूंनो, आज रात्री जेवणे झाली की सातबारा, खातेपुस्तक आणि विम्याचे कागद घरच्या लक्ष्मीसमोर मांडा. काय कुठे आहे ते तिला दाखवा. तिचे नाव कुठेच नसेल, तर ते कुठे लावता येईल याचा विचार दोघांनी मिळून करा.

आणि पुढच्या वेळी फळावर चिलीचा कागद दिसला, तर पोत्याच्या तुकड्यावर डोंगर, सूर्य आणि रिकामी खुर्ची शिवणाऱ्या त्या बाईची आठवण ठेवा.

पुढच्या अंकात पुन्हा आपल्या बांधावर भेटू.